रत्नागिरी-सिंधुदुर्गातून सहा रात्रींचा युरोप: खिशाला झेपणारं शहर कसं निवडावं

युरोपातलं स्वस्त शहर शोधायला बसलं की पहिला हात जातो तो विमानाच्या तिकिटाकडे. तिकीट पाच हजारांनी कमी दिसलं की तेच शहर पक्कं होतं आणि खरा खर्च तिथे पोचल्यावर कळतो. मुंबई-पुण्यातल्या माणसाचंही असंच होतं, पण रत्नागिरी, कणकवली किंवा दापोलीहून निघणाऱ्याचा हिशेब त्याहून थोडा वेगळा असतो. म्हणून आधी वहीचं एक पान घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे एकदाच होणारा खर्च लिहा, उजवीकडे रोजचा.

डावी बाजू माणशी अशी धरता येईल. मोसम सोडून मुंबईहून जाऊन-येऊन विमान ५२ हजार. व्हिसाची फी ९० युरो, म्हणजे आजच्या दराने साडेनऊ हजारांच्या आसपास, त्यावर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च धरून १२ हजार. प्रवास विमा एक हजार. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं-यायचं, राहायचं-खायचं मिळून तीन हजार. एकूण ६८ हजार. शहर कुठलंही घ्या, हा आकडा फारसा हलत नाही.

उजव्या बाजूला मात्र शहराशहरांत मोठा फरक पडतो. बल्गेरियातल्या सोफियात दोघांत एक खोली घेतली तर माणशी २,७०० रुपये, खाणं २,५००, बस-मेट्रो ३०० आणि बघण्याची तिकिटं ८००, असे दिवसाला ६,३०० धरा. पोर्तुगालमधल्या लिस्बनमध्ये हेच आकडे ५,५००, ३,५००, ७०० आणि १,२०० होतात, म्हणजे १०,९००. सहा दिवसांचा फरक निघतो २७,६०० रुपये. लिस्बनचं तिकीट पाच हजारांनी स्वस्त मिळालं तरी ती बचत पहिल्या दोन दिवसांतच संपते. हे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या तारखांचे खोलीचे आणि विमानाचे भाव त्या जागी घाला.

याच पानावरून दिवस किती घ्यायचे तेही ठरतं. सोफियात तीन रात्री राहिलात तर एकूण सुमारे ८७ हजार, म्हणजे रात्रीमागे २९ हजार. सहा राहिलात तर एक लाख सहा हजार, रात्रीमागे साडेसतरा हजारांच्या जरा वर. इथल्यासाठी तीन रात्रींचा युरोप महागच पडतो. सहा रात्री, एकच शहर, आणि फिरायचं ते त्याच शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हीच रीत मला सर्वांत परवडणारी वाटते. दुसरं शहर जोडलं की रेल्वेचं तिकीट, सामान ठेवायची सोय आणि खोली सोडणं-धरणं यांत अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाचे पैसे तर भरलेलेच असतात.

कधी जायचं

कोकणातल्या माणसाला मोकळा वेळ कॅलेंडरवर नाही, कामाच्या चक्रात शोधावा लागतो. बागायतदार फवारण्यांपासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत अडकलेला असतो. मग लावणी, मग गणपती. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै ही बंदी असते, पण ते दोन महिने युरोपात ऐन सुट्टीचे, त्यामुळे विमान आणि खोली दोन्ही चढ्या भावाने मिळतात. भातकापणी उरकल्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा सर्वांना जमणारा काळ आहे आणि भावही उतरलेले असतात. नोकरदारांना मार्चचा दुसरा पंधरवडाही चांगला.

या दिवसांत हंगेरीतल्या बुडापेस्ट आणि पोलंडमधल्या क्राकोवमध्ये दुपारी दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, पहाटे त्याहून बरंच खाली. उजेडही लवकर मावळतो. डिसेंबरात क्राकोवला दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. बाहेरची ठिकाणं दुपारच्या आत आणि संग्रहालयं नंतर, असा क्रम लावा. थंडी सोसतच नसेल तर अथेन्स किंवा लिस्बनकडे वळा. नोव्हेंबरात तिथे एखादं जाकीट पुरतं.

सुट्ट्या बघून घ्या. १ नोव्हेंबरला पोलंड, हंगेरी आणि पोर्तुगालमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ११ नोव्हेंबरला पोलंडमध्ये पुन्हा. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंदच असतात. शनिवारी संध्याकाळी दूध-पाव-अंडी घेऊन ठेवली नाहीत तर रविवारी न्याहारीला बाहेर जास्त पैसे मोजावे लागतात.

व्हिसा: इथेच गाडी अडते

युरोपातले बरेच देश एकाच व्हिसावर फिरता येतात, त्यांना मिळून शेंगेन म्हणतात. या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. ज्या देशाचा दूतावास फक्त दिल्लीत आहे तिथे फाईल मुंबईहून दिल्लीला जाते, म्हणून आणखी सवड ठेवा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे रात्री जास्त. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे. व्हिएन्नाला उतरून रेल्वेने बुडापेस्टला जात असाल तर अर्ज हंगेरीचा, ऑस्ट्रियाचा नाही. त्या रेल्वेचा उल्लेख अर्जासोबतच्या पत्रात हवा. नाही तर उतरण्याचा देश एक आणि अर्ज दुसऱ्याकडे, हे वाचणाऱ्याला खटकतं.

शहर पक्कं करण्याआधी त्या देशाच्या व्हिसा केंद्रात अर्ज देण्यासाठी भेटीची तारीख मुंबईत मिळते का ते पाहा. तारीखच मिळत नसेल तर स्वस्त शहर काय कामाचं? मी तर दोन शहरं मनात ठेवून आधी दोन्हींच्या तारखा बघायला सांगेन, आणि ज्याची मिळेल ते शहर घ्यायला.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना फी निम्मी, ४५ युरो. सहाच्या आतल्यांना नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. विमा किमान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पाठीवर, सहा महिन्यांच्या आतला. गावातल्या स्टुडिओत सांगताना नुसतं ‘पासपोर्ट साईज’ म्हणू नका, माप सांगा. आपल्याकडे त्या नावाखाली बऱ्याचदा वेगळ्याच मापाचा फोटो मिळतो.

आता कोकणाचा खास मुद्दा, उत्पन्नाचा पुरावा. पगारदाराचं सोपं आहे: पगारपत्रकं, रजेचं पत्र, खात्याचा उतारा, आयकर विवरणपत्रं. पेन्शनर असाल तर पेन्शनचा आदेश जोडा. आंबा-काजू बागायतदाराचं मात्र अडतं, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रात करपात्र रक्कम थोडी दिसते, आणि पैसे वर्षभर न येता एप्रिल ते जुलैमध्येच येतात. तीन महिन्यांचा उतारा जानेवारी ते मार्चचा जोडलात तर खात्यातून खत-फवारणीचे पैसे जातानाच दिसतील. म्हणून उतारा सहा महिन्यांचा, हंगाम आत येईल असा द्या: मार्च ते ऑगस्ट. सोबत सातबारा, आठ-अ आणि वाशीच्या दलालाच्या पट्ट्या किंवा कॅनिंगवाल्याची बिलं जोडा. पट्टीतली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. जुळत असेल तिथे उताऱ्यावर पेन्सिलने खूण करून पट्टीचा क्रमांक लिहा. तपासणाऱ्याला आंब्याचा व्यवहार माहीत नसतो, त्याला एका नजरेत कळलं पाहिजे.

सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर हवंच. भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच ठेवा. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं सामाईक असतील तर तुमचा वाटा किती आणि उत्पन्न कोणाच्या खात्यात येतं हे पत्रात दोन ओळींत लिहा. होम-स्टे किंवा खानावळ चालवत असाल तर उद्यम नोंदणी आणि ग्रामपंचायतीचा परवाना जोडा.

अर्ज फसतो तो बहुतेकदा एका गोष्टीने: भेटीच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दोन-तीन लाख येतात. भावाने दिलेले असोत की मोडलेली ठेव असो, उसने आणून दाखवलेत असाच संशय येतो. ठेव मोडायची गरजच नाही. बँकेकडून ठेवीचं प्रमाणपत्र घ्या. दुसरी चूक तारखांची. विमा ४ तारखेपासून, खोली ३ पासून आणि विमान २ च्या रात्री, असा मेळ चुकला की कागद खरे असूनही फाईल कच्ची ठरते. विमानाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. खोलीही मोफत रद्द होणारीच घ्या.

पहिल्यांदा बहुधा एकाच प्रवेशाचा आणि मोजक्या दिवसांचा व्हिसा मिळतो. म्हणून बुडापेस्टहून बेलग्रेड किंवा सोफियाहून स्कोप्येची एक दिवसाची सहल आखू नका; सर्बिया आणि उत्तर मॅसेडोनिया शेंगेनच्या बाहेर आहेत, तिथे गेलात की परत आत येता येणार नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला तेवढा त्रास कमी होतो. दोन व्हिसे तीन वर्षांत नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळण्याची वाट एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी मोकळी झाली आहे.

शहरं

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बुडापेस्ट सुचवीन. चालत फिरता येतं, रात्रीचं रूप तर सुंदरच, आणि फुकट बघण्यासारखं भरपूर. डॅन्यूबच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम साध्या तिकिटात संसद, साखळी पूल आणि पलीकडचा किल्ला दाखवते. वेगळ्या बोटीच्या सहलीची गरज पडत नाही. १ नंबरची मेट्रो १८९६ ची आहे, युनेस्कोच्या वारसा यादीत आहे आणि आजही रोजच्या तिकिटात चालते. विमानतळावरून १००ई बस थेट मध्यात, डेआक फेरेन्त्स चौकात नेते, पण तिला वेगळं तिकीट लागतं. नेहमीचा पास वापरायचा तर २००ई बसने ३ नंबरच्या मेट्रोपर्यंत जा आणि पुढे मेट्रो घ्या. ७२ तासांचा पास काढला तर सुटी तिकिटं शिक्का मारायची विसरून दंड भरण्याची वेळ येत नाही. तिथे मेट्रोच्या तोंडाशीच तपासनीस उभे असतात आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. ६५ वर्षांवरच्यांना फुकट प्रवास असं वाचाल, ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. आईवडिलांचा पास काढाच.

गरम पाण्याची स्नानगृहं ही बुडापेस्टची खूण. आपल्याकडे उन्हवरे, आरवली, तुरळ इथे जमिनीतून गरम पाणी येतं, तसंच तिथे शहराच्या पोटातून येतं आणि त्यावर राजवाड्यासारख्या इमारती उभ्या केल्या आहेत. १९१३ साली उघडलेलं सेचेन्यी सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणून महाग. लुकाच तुलनेने शांत आणि स्वस्त. गेलेर्ट ऑक्टोबर २०२५ पासून काही वर्षांसाठी दुरुस्तीला बंद आहे, जुन्या माहितीवर विसंबून तिकडे जाऊ नका. टॉवेल आणि रबरी चप्पल घरून न्या, तिथे दोन्हींचे पैसे पडतात. पोहण्याच्या तलावात टोपी लागते, गरम कुंडांत लागत नाही.

राहायला सातवा प्रभाग स्वस्त दिसेल, पण तिथे पहाटेपर्यंत बारचा गोंगाट असतो. सहावा, तेरावा किंवा नदीपलीकडचा अकरावा प्रभाग घ्या. ट्राम दाराशी असली की मध्यापासूनचं अंतर जाणवत नाही. दुपारच्या जेवणाला ‘नापी मेन्यू’ विचारा: सोमवार ते शुक्रवार सूप आणि मुख्य पदार्थ ठरलेल्या भावात, संध्याकाळच्या भावापेक्षा कितीतरी कमी. मासे खाणाऱ्यांनी हालासले घेऊन बघावं. नदीच्या माशाचा, पाप्रिका घातलेला लालभडक रस्सा असतो, दिसायला आपल्या कालवणाच्या जवळचा, पण आंबटपणा नाही आणि काटे फार. शाकाहारी माणसाने ‘हूश नेल्क्यूल’, म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करावेत आणि सूपचं पाणी मांसाचं आहे का तेही विचारावं; भाजीचं सूप बऱ्याचदा तसंच केलेलं असतं. लांगोश हा तळलेला, वर आंबट साय आणि चीज घातलेला जाड पोळीसारखा पदार्थ एकाचं पोट भरतो. बिलात दहा-पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर वेगळी टीप ठेवू नका.

क्राकोव खर्चाला बुडापेस्टच्या बरोबरीने किंवा किंचित कमी, आणि आकाराने लहान, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोपं. जुना मुख्य चौक प्रत्येक बाजूला सुमारे दोनशे मीटर आहे, आणि सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, मध्येच तुटल्यासारखी थांबणारी. विमानतळावरून रेल्वे वीसेक मिनिटांत मुख्य स्थानकात आणते. चौकाला लागून खोली घेऊ नका. काझिमिएश किंवा नदीपलीकडचं पोदगुझे बरं. जेवणाला ‘बार म्लेच्नी’ शोधा, म्हणजे दुधाचा बार. जुन्या सरकारी काळापासून चालत आलेल्या या साध्या खाणावळी आहेत: ताट उचलून स्वतः घ्यायचं, बसायचं, ताट परत नेऊन ठेवायचं. तिथली बटाटा आणि ताज्या चीजची पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, शाकाहारी असते, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरतात. ‘बेझ स्कफारेक’ असं आधीच सांगा.

व्येलिच्काची मिठाची खाण क्राकोवहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. मिठागरांच्या प्रदेशातल्या माणसाला मीठ जमिनीच्या पोटातून खणून काढलेलं बघणं विलक्षण वाटेल. आत वर्षभर १७-१८ अंश, खोली १३५ मीटरपर्यंत, चालणं सुमारे तीन किलोमीटर आणि पायऱ्या आठशेच्या घरात. वर येताना लिफ्ट आहे, पण उतरतानाच्या सुरुवातीच्या तीनशे ऐंशी पायऱ्या गुडघे दुखणाऱ्याने टाळाव्यात. ऑशविट्झचं स्मारक बसने दीडेक तासावर. प्रवेशाला पैसे नाहीत, मार्गदर्शकासह फेरीला आहेत, आणि दोन्हींना नावानिशी आगाऊ नोंदणी लागते. नोंदणीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. तिथे लहान मुलं नेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पोलंडला जाणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक माहीत करून जावं: दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून राहत होते. बोलता बोलता ‘कोल्हापूर’ हा शब्द काढा, एखादं घर असं भेटतं जिथे आजीच्या तोंडून तो ऐकलेला असतो.

पैशाला सर्वांत हलकं शहर हवं असेल तर सोफिया. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो, म्हणजे वेगळं चलन बदलायचा खर्च वाचला. विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमधूनच मेट्रो निघते. पहिल्या टर्मिनलला उतरलात तर दुसऱ्यापर्यंत फुकट बस आहे. मेट्रोच्या दारावर आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, आणि दिवसाची ठरावीक रक्कम ओलांडली की पुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र एका कार्डावर एकच माणूस. सेर्दिका स्थानकात उतरलं की रोमन रस्ते आणि घरांचे पाये समोरच उघडे दिसतात, तिकीट नाही. शेजारी चौथ्या शतकातलं सेंट जॉर्जचं गोल चर्च. जुन्या स्नानगृहाजवळ गरम खनिज पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, लोक कॅन भरून नेतात. दही हा तिथला जीव. ‘तारातोर’ म्हणजे पातळ दह्यात काकडी, लसूण, शेपू आणि अक्रोड. काकडीच्या कोशिंबिरीवर वाढलेल्याला लगेच ओळखीचं वाटेल. मान हलवण्यात मात्र गफलत होते: तिथले लोक ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना वर करतात. मांस नको हे मानेने नाही, ‘बेझ मेसो’ असं तोंडाने सांगा. रिला मठ सुमारे १२० किलोमीटरवर. सार्वजनिक बस फार थोड्या, म्हणून तेवढ्यापुरती गटाची सहल घेतलेली बरी. दोन दिवसांत शहर संपलं असं वाटतं, तेव्हा वितोशा डोंगर आणि रिला धरूनच सहा रात्री भरतात.

लिस्बन महाग, हे वर आलंच आहे. तरी कोकणाशी नातं असं की मोह होतो. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, साबण हे शब्द तिथूनच आले, आणि रेवदंड्याजवळच्या कोरलईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. जायचंच असेल तर फेब्रुवारीत जा आणि हिरव्या मेट्रो मार्गावर अंजोस किंवा आल्वालाद भागात राहा. अल्फामाच्या चढ-पायऱ्यांवर बॅग ओढण्यात गंमत नाही. खोलीच्या भावावर माणशी रात्रीला चार युरो पर्यटन कर वेगळा. जेवायला बसताच पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात लागत नाही. पोर्तुगालचं वाणिज्य दूतावास पणजीत आहे. सिंधुदुर्गातल्यांनी आपला अर्ज कुठल्या केंद्रात घेतात ते आधी पाहून घ्यावं.

अथेन्स हिवाळ्यासाठी. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो झालं, पण नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. तारखा त्याभोवती बेतल्या तर चौघांचे १२० युरो वाचतात. प्राग सुंदर आहे, स्वस्त मात्र आता म्हणवत नाही.

तिकीट, पैसे, बॅग

इस्तंबूल किंवा आखातातून जोडणीचं एकाच आरक्षणातलं तिकीट घ्या. युरोपात उतरून दुसऱ्या स्वस्त कंपनीचं वेगळं तिकीट जोडलं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलेलं भरून मिळत नाही. शिवाय त्या कंपन्यांत फक्त पाठीवरची लहान पिशवी फुकट असते. शेंगेनमध्ये पहिल्यांदा जिथे उतराल तिथे पासपोर्ट तपासणी होते, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या नोंदणीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटोही घेतात. अशा विमानतळावर जोडणी अडीच-तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा. व्हिएन्नाचं तिकीटही जरूर ताडून पाहा. तिथून बुडापेस्ट रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत आहे.

कार्ड दोन न्या, वेगवेगळ्या खिशांत. एक फॉरेक्स कार्ड युरोंचं, दुसरं बँकेचं, ज्यावर परदेशातला वापर निघण्याआधी चालू केलेला आहे. यंत्रावर ‘रुपयांत घ्यायचे की स्थानिक चलनात’ असं विचारलं की नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले तर दर दुकानदाराची बँक लावते आणि तो कधीच तुमच्या फायद्याचा नसतो. हंगेरीत साडेतीन-चार फोरिंटला एक रुपया एवढं डोक्यात ठेवा. रोख थोडीच काढा, आणि तीही बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रातून. पर्यटकांच्या गल्लीत सुटी उभी असलेली यंत्रं जास्त कापतात. उरलेले फोरिंट किंवा पोलंडचे झ्लॉटी इथे रत्नागिरीत कोणी घेणार नाही.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर रात्रीचं जेवण घरी होतं. पण काय न्यायचं ते नीट बघा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं बाद. तेलातल्या चकल्या, पोहे, मेतकूट, मसाला चालतो. ताज्या फळाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढेच अपवाद. म्हणून ओळखीच्यांसाठी हापूसची पेटी घेऊन जाऊ नका. फळमाशीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा आणि त्यासोबत अळू, वांगी, कारली आणि पडवळ बंद केली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण तपासणीचा धाक तेव्हापासून कायम आहे. सुकी मासळी नियमात बसते, अगदी वीस किलोपर्यंत. सोडे न्यायचे तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि खोलीत खिडकी उघडूनच शिजवा. वास धरला तर साफसफाईचे पैसे लावणारे घरमालक आहेत. सुकं खोबरं मात्र आपल्याच विमानतळावर काढून ठेवतील, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. मसाल्याच्या पुड्या मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

राहिली मुंबईपर्यंतची वाट. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाच्या तारखेवरून मागे मोजून त्याच सकाळी बसा. पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात, म्हणून ऑक्टोबरात निघणाऱ्याने तिकिटावरची वेळ पुन्हा तपासावी. विमान ज्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलेलं असावं. सावंतवाडी-कुडाळकडच्यांनी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून आखातमार्गे भाव बघावा. मुंबईपेक्षा चार हजारांनी जास्त दिसला तरी रेल्वे, टॅक्सी आणि मुंबईतली एक रात्र धरली की बरेचदा तोच स्वस्त निघतो. परतीचं विमान मुंबईत मध्यरात्री उतरत असेल तर पहाटेच्या गाडीचं तिकीट काढू नका. सामान यायला आणि तपासणीला दीड-दोन तास सहज जातात, दुपारची गाडी धरा.